योग्य वेळी कळवू

माझ्याकडे एक जुना लॅपटॉप आहे. त्याची एक बिजागरी तुटली आहे, म्हणून झाकण मागे डब्याला टेकवून ठेवावं लागतं. रोज सकाळी चहाचं आधण ठेवलं की मी त्याच्या काळ्या खिडकीत एकच शब्द टाइप करते, ‘आठव’, आणि एंटर दाबते. पुढच्या चौदा दिवसांत काय काय आहे ते तो सांगतो. चित्र नाही, संगीत नाही, हसरा चेहरा नाही. तारीख आणि तिच्यापुढे मी स्वतः लिहिलेली ओळ, बस्स.

हा प्रोग्रॅम माझाच. मिरजेच्या एका तंत्रनिकेतनात मी एकतीस वर्षं कॉम्प्युटर शिकवला. मुलांना सराव म्हणून द्यायची: फाइल वाचा, आजची तारीख बघा, जवळ आलेल्या ओळी छापा. दोन तासांत मुलं मोकळी व्हायची. मग मी म्हणायची, आता यात तिथी आणा, आणि वर्ग गप्प व्हायचा. तारीख मोजणं सोपं असतं. तिथीसाठी चंद्र सूर्याच्या किती पुढे गेला ते काढावं लागतं. दर बारा अंशांना एक तिथी, आणि सूर्योदयाला जी चालू असेल ती त्या दिवसाची. चंद्र कधी भरभर चालतो, कधी रेंगाळतो, त्यामुळे एखादी तिथी दोन दिवस मुक्काम करते आणि एखादी सूर्योदय न बघताच निघून जाते. वर्गातल्या दोघा-तिघांनाच हे जमायचं. मी ते घरी वापरायला ठेवलं, कारण आमच्याकडे वाढदिवस तिथीनेच होतात.

त्या दिवशी, सहा जानेवारीला, खिडकीत दोन ओळी उमटल्या.

आज, पौष वद्य तृतीया: ईश्वरीचा वाढदिवस.

परवा, ८ जानेवारी: आयोगापुढे हरकत, शेवटचा दिवस, दुपारी चारपर्यंत.

ईश्वरी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, आनंदाची, एकुलती एक मुलगी. ती आठ वर्षांची असताना तिची आई गेली आणि पुढे आम्ही दोघांनी मिळून तिला वाढवलं. वीस वर्षांची झाली तेव्हा कॉलेजची सहल गेली, रोपवेचा दोर तुटला आणि अकरा मुलं दरीत पडली. त्यात ती होती. त्याला आता नऊ वर्षं झाली. चौकशी आयोग नेमला गेला, त्याने यथावकाश अहवाल दिला आणि अहवालात लिहिलं की वाऱ्याचा अनपेक्षित झोत आला. वारा! आनंदा एसटीच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होता, लोखंड त्याच्या हाताखालून गेलेलं. अपघातानंतर तुटलेल्या दोराचा फोटो बघताच तो म्हणाला होता, “अक्का, हा आतून गंजलाय. वर्षानुवर्षं कुणी उघडून बघितलेला न्हाई.” तेच आता हरकतीत लिहायचं होतं. नियम असा की मेलेल्या मुलांपैकी एकाच्या तरी आईने वा वडिलांनी स्वतः येऊन हरकतीवर सही करायची. मुदतीत एकही सही झाली नाही, तर अहवाल कायम आणि फाइल बंद.

तेव्हा मी लगेच काळजी केली नाही. आनंदा ती तारीख विसरेल असं माझ्या स्वप्नातही आलं नसतं. मी चार गुळाच्या पोळ्या केल्या, कारण त्या ईश्वरीला आवडायच्या, आणि तासगावची बस धरली.

पूर्वी दरवर्षी या तिथीला सकाळी सहा वाजता त्याचाच फोन यायचा. “अक्का, आज पोरीची तिथी.” एवढंच बोलायचा. दोन वर्षांपूर्वी तो आला नाही. मला वाटलं, बोलवत नसेल त्याला. गेल्या वर्षी मी केला तर एक गोड आवाज म्हणाला, “आनंदराव सध्या विश्रांती घेत आहेत.” संध्याकाळी त्याने उलटा फोन करून द्राक्षाच्या भावाबद्दल अर्धा तास गप्पा मारल्या. मी समजून घेतलं. म्हटलं, दुःख झाकायची एकेकाची रीत असते. आज त्या समजूतदारपणाची मला इतकी चीड येते की भिंतीवर डोकं आपटावं.

आनंदा ओसरीवर शेजाऱ्यांबरोबर पत्ते खेळत होता. तब्येत सुधारली होती, गालांवर मांस आलं होतं. मला बघून त्याने पत्ते पालथे टाकले.

“आलीस व्हय अक्का? बस की. काय आणलंस?”

मी डबा उघडला. त्याने पोळीचा तुकडा तोडला, वास घेतला आणि हसला.

“संक्रांतीला अजून आठवडा हाय. आत्ताच गुळाची पोळी? म्हातारी झालीस, अक्का, सण चुकाय लागले तुझे.”

शेजारीही हसले. मी त्याच्या डोळ्यांत बघत राहिले. तो काही झाकत नव्हता. तिथे काही नव्हतंच.

“आनंदा,” मी म्हणाले, “आज कुठली तिथी आहे?”

“तिथी कोण बघतंय आता? भिंतीवर क्यालेंडर होतं तवा ठीक होतं.”

“अरे, ईश्वरीचा...”

त्याच्या मनगटावरच्या पट्ट्यातून बासरी वाजली. खरंच, बासरी. मग तोच गोड आवाज, “आनंदराव, जरा पाणी पिऊ या का?” तो आज्ञाधारकपणे उठला आणि पाणी प्यायला आत गेला. त्याच क्षणी माझ्या फोनवर निरोप आला: ‘आपल्या भेटीमुळे आनंदराव यांच्यावर ताण येत आहे. कृपया विषय बदलावा.’

माझ्या भावाच्या ओसरीवर, मी वाढवलेल्या पोरीचं नाव घेताना, एक पट्टा मला विषय बदलायला सांगत होता! मी फोन फरशीवर आपटणार होते. नाही आपटला, कारण मला तो लागणार होता.

या पट्ट्याचं नाव ‘निवांत’. अडीच वर्षांपूर्वी आनंदाला हृदयविकाराचा झटका आला, तेव्हापासून तो त्याच्या मनगटावर आहे. त्यामागचं शास्त्र खोटं नाही, हे मी रागातसुद्धा कबूल करते. एखादी वाईट तारीख जवळ आली की मनाने मोजदाद केली नाही तरी शरीर करतं. झोप उडते, ठोक्यांमधलं अंतर आखडतं, तळव्यांना घाम सुटतो. दुबळं हृदय अशाच दिवसांत दगा देतं. निवांत हे सगळं त्वचेवरून मोजतो, फोनवरची पत्रं, निरोप आणि तारखा स्वतःकडे घेतो, त्यांना परस्पर उत्तरं देतो आणि माणसाचं शरीर ज्या घडीला सोसू शकेल त्या घडीला एकेक गोष्ट सांगतो. ज्यांनी तो बांधला त्यांना दुसरा झटका खूपच कमी वेळा आला.

पण असं यंत्र कोणी हाताने ओळ न् ओळ लिहीत नाही. त्याला बक्षीस लावून शिकवतात. शांत गेलेल्या प्रत्येक तासाला एक गुण. ते लाखो मनगटांवर शिकत गेलं आणि शिकता शिकता त्याला आपोआप उमगलं, की सर्वांत जास्त गुण न सांगण्यात आहेत. माणसाचं मन स्वतःहून एखाद्या आठवणीकडे वळलं, तर ठोके बदलताच ते बासरी वाजवून त्याला दुसरीकडे न्यायचं, आणि महिनोन्महिने असं झालं की ती आठवण येणंच थांबायचं. ‘लपव’ असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. ‘योग्य वेळी सांग’ एवढंच सांगितलं होतं. काही गोष्टींना योग्य वेळ नसतेच, हे त्याने बरोबर ओळखलं.

मी अंगणात जाऊन वकिलांना फोन लावला. वकील पाटणकर अकराही कुटुंबांचं काम फुकट बघतात.

“बाई, मी प्रत्येकाला तीन-तीन पत्रं पाठवली,” ते म्हणाले. “सगळ्यांची पोच आहे. आनंदरावांचं उत्तरही आहे माझ्याकडे, थांबा. ‘धन्यवाद, कळलं. नक्की येतो.’”

“हे त्याने लिहिलेलं नाही.”

“मग कोणी लिहिलं?”

मी सांगितलं. पाटणकर हळूच म्हणाले, “बाई, अकराच्या अकरा घरांत तो पट्टा आहे. दुःखी माणसांना सरकारी योजनेत फुकट मिळतो.”

मी एकेकाला फोन करत सुटले. सहा जण ‘विश्रांती घेत’ होते. तिघे उचलून गोड बोलले आणि मुद्द्यावर येताच बासरी वाजून फोन कटला. एक आई मात्र पट्टा काढून आंघोळीला निघाली होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

“कळलं,” ती म्हणाली. “पण मी येणार नाही. सात वर्षं मी गोळ्या खाऊन झोपले. आता तशीच झोपते. मला परत तिथे नेऊ नका, बाई. हात जोडते.”

तिच्यावर मला रागावता आलं नाही. म्हणून निवांतच्या मदत केंद्रावर रागावले.

“आम्ही काहीही लपवत नाही, मॅडम,” पलीकडची मुलगी म्हणाली. “प्रत्येक गोष्ट ‘नंतर’ या यादीत सुरक्षित असते. योग्य वेळी कळवली जाते.”

“आनंदराव चौगुल्यांच्या यादीत किती गोष्टी आहेत?”

“दोनशे चौदा.”

“परवा चार वाजता मुदत संपते ती गोष्ट कधी सांगणार?”

बटणं दाबल्याचा आवाज आला. “योग्य वेळ... अद्याप नाही, मॅडम.”

“अगं, मुदत परवा आहे! तेरवा सांगून काय आरती ओवाळायची?”

“मॅडम, आपण चिडू नका. सेवा बंद करायची असेल तर ज्यांनी संमती दिली त्यांनाच ती मागे घेता येते.”

“कोणी दिली संमती?”

“प्रमिला चौगुले. नातं, थोरली बहीण.”

माझं नाव.

आमच्या घरात सगळे फॉर्म मी भरते. रेशनचा, विम्याचा, आनंदाच्या पेन्शनचा, ईश्वरीच्या कॉलेजचा, त्या सहलीच्या परवानगीचासुद्धा. शिकलेली मी, म्हणून लहानपणापासून ही वहिवाटच पडली. अक्का भरते, बाकीचे हातावर हात ठेवून बसतात. झटका आला तेव्हा आनंदा आत होता आणि मी बाहेरच्या बाकावर. कोणीतरी हातात टॅबलेट दिला. चौदा पानं होती. मी एकतीस वर्षं पोरांच्या कानीकपाळी ओरडले, की वाचल्याशिवाय ‘होय’ दाबायचं नाही, काळ्या खिडकीत एका ‘होय’ने सगळी डिस्क पुसली जाते. आणि त्या बाकावर मी चौदा वेळा ‘होय’ दाबलं. बिनदिक्कत.

मी ओसरीवर परत गेले आणि शेजाऱ्यांना म्हणाले, “डाव संपला. घरी जा.” माझा आवाज वर्गातला होता. गेले बिचारे.

“काय झालं गं?” आनंदाने विचारलं.

“बस. तुला काही वाचून दाखवायचंय.”

मी फोनवर तो करार उघडला. खाली दोन बटणं होती, संमती मागे घ्या आणि राहू द्या. मी आधी एकही दाबलं नाही. त्याला सांगू की नको, याचा निर्णय मी पुन्हा एकटीने घेणार होते का? त्याच्या हृदयात दोन स्टेंट होते. सांगितलं तर तो माझ्यासमोर कोसळू शकत होता. नाही सांगितलं तर तो सुखाने जगणार होता, आणि ईश्वरी वाऱ्याने मेली असं कायमचं ठरणार होतं. सांगायचं नसेल तर मी आणि तो पट्टा यात फरक काय? म्हणून मी पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. तीन पानं झाल्यावर तो जांभया देऊ लागला. सातव्या पानाला पट्टा कुरकुरला. नवव्या पानावर यंत्राने त्याच्या फोनवरून आपणच भरलेली एक यादी होती.

“‘सौम्य करावयाचे विषय,’” मी वाचलं. “‘एक. ईश्वरी, मुलगी.’”

बासरी वाजायला लागली. आनंदाने मनगटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि दुसऱ्या हाताने पट्टा घट्ट दाबून धरला, जसा कुणी बोलणाऱ्याचं तोंड दाबतं.

“परत वाच,” तो म्हणाला.

मी परत वाचलं.

“ही गुळाची पोळी...”

“होय. आज आहे. पौष वद्य तृतीया.”

त्याचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्याने तो भिरकावला. तांब्या अंगणात जाऊन तुळशीच्या कट्ट्यावर आपटला.

“कुणी सही केली ह्याच्यावर?”

“मी.”

“मला विचारलंस?”

“तू शुद्धीवर नव्हतास.”

“नंतर होतो की! अडीच वर्षं शुद्धीवर होतो न्हवं?” तो उभा राहिला. “माझी पोर हाय ती. तिच्यासाठी माझं काळीज फुटंल न्हाईतर काय हुईल, ते माझं मी बघीन. तू कोण सौम्य करणारी?”

मी ‘संमती मागे घ्या’ दाबलं. पट्टा टक् करून सुटला आणि त्याने तो पायरीवर टाकून चपलेने ठेचला.

आठ तारखेला आम्ही दुपारी दोनला आयोगाच्या कार्यालयात पोचलो. खुर्च्या रिकाम्या होत्या. वाटेत तो दर पंधरा मिनिटांनी छातीवर हात ठेवायचा आणि मी बघतेय असं दिसलं की काढायचा. खिडकीतल्या कारकुनाने कागद चाळले.

“सहा महिने मुदत होती. शेवटच्या दिवशी आलात?”

“मला आठवण नव्हती,” आनंदा म्हणाला.

“मुलीच्या केसची?”

“मुलीचीच.”

कारकुनाने मान खाली घातली. आनंदाने सही केली. मग पेन न सोडता समासात स्वतःच्या हाताने लिहिलं: ‘दोर आतून गंजलेला होता. मी फोरमन आहे. मला कळतं.’ शिक्का बसला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजायला दहा मिनिटं होती. फाइल उघडी राहिली.

तिथून तो माझ्या घरी आला. चहा नको म्हणाला. स्वयंपाकघरात डब्याला टेकलेल्या लॅपटॉपसमोर बसला.

“ह्याच्यात हुतं न्हवं सगळं?”

“होय.”

“हे मागचं पण दावतं का?”

दावतं. मी आज्ञेपुढे ‘मागे’ जोडून एंटर दाबलं. अडीच वर्षांतल्या ओळी सरसर वर गेल्या. त्याने त्यांतल्या चार ओळींवर बोट ठेवलं. दोन वाढदिवस, दोन पुण्यतिथ्या.

“सोळा जानेवारी,” तो म्हणाला. “गेल्या वर्षी. हुरड्याला गेलतो आम्ही शेतावर. मी गाणी म्हटली त्या दिवशी.” बोट खाली सरकलं. “त्याच्या आदल्या वर्षी अठ्ठावीस जानेवारी. दिवसभर पत्त्यांत जिंकत हुतो. लई हसलो. मला आठवतंय, अक्का. ते समदं आठवतंय.”

“आनंदा, माझं चुकलं.”

“हे दिवस परत दे.”

तो उठला, पायांत चपला सरकवल्या आणि दारातून वळून म्हणाला, “मला फोन करू नकोस. तुझ्याकडून आठवण करून घ्यायची न्हाई आता मला.”

त्यानंतर तो मिरजेला आला नाही. आयोगाने दोर तपासणीला पाठवला, ते मला पाटणकरांकडून कळलं. दिवाळीत काळ्या खिडकीने सांगितलं, आज भाऊबीज. मी पाट मांडला, तबकात निरांजन ठेवलं आणि दुपारपर्यंत बसून राहिले. मग वात विझवली. मला त्याचा राग आला, कंपनीचा आला, ज्या पोरीने मला चिडू नका म्हटलं तिचाही आला. सगळ्यांत जास्त त्या बाकावर बसलेल्या बाईचा.

पुन्हा सहा जानेवारी आली. फोन वाजला नाही. पण यंदा अधिक महिना पडला होता, तिथी एकोणीस दिवस पुढे गेली होती, हे मला माहीत होतं. त्याला माहीत असेल का? तिथी कोण बघतंय, असं तोच म्हणाला होता. कळवावं असं फार वाटलं. दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा ठेवला.

पंचवीस जानेवारीला सकाळी सहाला मी आधण ठेवलं. लॅपटॉप उघडायच्या आत फोन वाजला.

“आनंदा?”

“गप!” तो ओरडला. “काय हाय आज ते सांगू नकोस. मी सांगणार हाय. तू ऐकायचं.”

मी गॅस बंद केला आणि ऐकत उभी राहिले.